न दिलेला शाप

अक्षय, तो मोबाईल खाली ठेव आधी. गेममध्ये का होईना, कोणाला तरी "मर, मर" म्हणत बसलायस, ऐकून माझे कान किटले. लाईट गेलीय, अंधार पडलाय, आणि ह्याचं आपलं चालूच.

नाही रे, रागावलो नाही. शिव्यांना माझी ना नाही. आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी शिवी मिळायची. "मेल्या", "मुडदा बशिवला तुझा", "जळलं तुझं तोंड". ह्यात काय आहे? आई पोराला म्हणते आणि त्याच हातानं भाकर वाढते. शिवी वाऱ्यावर जाते. शापाचं तसं नाही. शाप देणारा आरडाओरडा करत नाही. आतडं पिळवटल्याशिवाय शाप येत नाही. तो हळूच बोलतो, कडाकडा बोटं मोडतो आणि निघून जातो. मग ज्याच्यावर मोडली, तो झोपेतही ती बोटं ऐकतो.

आणि ह्या दोन्हींपेक्षा वाईट असं एक तिसरं असतं. ते आज सांगतो. विनोद, जरा आत सरक. घाबरवत नाही, पडवीच्या कडेला डास आहेत.

आपला किशोर तुम्हाला माहीत आहेच. पिकअपवाला. गाडी माझ्याच अंगणात लावतो, म्हणून ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या आधी मला कळली. दोन वर्षं झाली. महाशिवरात्र झाली, तिच्या दुसऱ्या दिवशीची अमावस्या होती. संध्याकाळी जेवणवेळेला किशोर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, टॉर्च द्या. वैशाखरे गावाच्या पुढं जाऊन येतो."

"ह्या वेळेला? कशाला?"

"चिमूटभर राख आणायची हाय."

मी टॉर्च दिली. पुढे काही विचारलं नाही. राख कशाला हवी, ते सगळ्या आळीला माहीत होतं.

त्याची पोरगी, अपेक्षा, तेव्हा तीन वर्षांची. कल्याणला दवाखान्यात होती. दिवसा बरी असायची, बिस्कीट खायची. दिवेलागण झाली की अंग तापायला लागायचं. रात्रभर ताप चढत जायचा, डोळे पांढरे व्हायचे, पहाटे उतरायचा. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. भले होते बिचारे, प्रयत्नात कसूर नव्हती. पण शेवटी त्यांनी किशोरच्या बायकोला, आरतीला, बाजूला घेऊन सांगितलं, "अजून एकदोन रात्री अशा गेल्या तर पोरीचं अंग साथ देणार नाही."

किशोरची आई शकूवहिनी. तिनं औषध तिकडे चालू ठेवलं आणि इकडे आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. तुम्हा पोरांना ठाऊक नसेल. घरातलं लेकरू दुखण्यातून उठेना, की आई दारोदार जाते. ज्यांच्याशी भांडण झालं, जे वाकडं बोलले, ज्यांनी बोटं मोडली, त्यांच्या दारात उभी राहते. म्हणते, बाई, बोलली असशील तर शब्द मागं घे. ती बाई आपल्या चुलीतली चिमूटभर राख स्वतःच्या हातानं देते. राख दिली म्हणजे शब्द परत घेतला. ती राख पोराच्या कपाळाला लावायची. हल्ली गॅस आले, राख मिळवायचीही पंचाईत. तरी शकूवहिनी फिरली. बांधावरून भांडलेल्या जावेकडे गेली, पाण्याच्या रांगेत जिचे केस ओढले होते तिच्याकडे गेली. सगळ्यांनी राख दिली. कोण नाही म्हणणार? पोरीचा प्रश्न.

ताप काही हटला नाही.

त्या दिवशी किशोर कपडे न्यायला घरी आला होता. वहिनीनं विचारलं, "अजून कोन हाय रे? आठव. तुज्यावर कोनी बोटं मोडली?"

किशोरनं हातातले कपडे खाली ठेवले. मग म्हणाला, "एक म्हातारी हाय. रंगू. पन ती कायच बोलली नाय."

"का बोलली असती?"

तेव्हा त्यानं आईला सांगितलं. तोवर कोणालाच धड सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली की वाड्यांवरची माणसं वीटभट्टीवर जातात, हे तुम्ही दरवर्षी बघता. भांडी, कोंबड्या, म्हातारी, पोरं, सगळं पिकअपमध्ये भरून. किशोर ती भाडी मारायचा. वैशाखऱ्याच्या पुढे आत एक कातकरवाडी आहे, तिथली माणसं आपल्या शहापूरकडच्या भट्टीवर आणायची. रंगू त्यातलीच. तिची जीभ म्हणजे जीभ. खड्डा आला की मागच्या हौद्यातून ओरडायची, "मेल्या, गाडी चालवतोस का नांगर धरलास? मुडदा बशिवला तुझा!" सगळे हसायचे. किशोर म्हणायचा, रंगूची शिवी पडल्याशिवाय माझ्या गाडीला स्टार्टर लागत नाही.

तिचा एक नातू होता, जाणू. पाचसहा वर्षांचा. त्याला गाडीचं वेड. भट्टीवर चिखल काय कमी असतो? सारखा चिखलाच्या गाड्या करायचा, अगदी किशोरच्या पिकअपसारख्या, मागचा उघडझापीचा फाळकासुद्धा. प्रत्येक खेपेला विचारायचा, "म्होरं बसू का रे?" पुढची सीट मुकादमाची. किशोरनं त्याला कधी बसवलं नाही.

त्या साली निघाले तेव्हा पोरगं तापानं फणफणलेलं होतं. रंगू त्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन हौद्यात बसली. सरळगावचा नाका आला. तिथून सरळ गेलं की मुरबाड, दवाखाना. उजवीकडे वळलं की किन्हवलीवरून शहापूर, भट्टी. रंगूनं केबिनच्या काचेवर हात आपटला. "डायवर, सरळ घे! पोरगा तापलाय रे. दवाखान्यात दाखवू, मंग जाऊ."

किशोरची दुसरी खेप पलीकडे खोळंबली होती. त्यानं काच खाली करून सांगितलं, "ए म्हातारे, बस खाली. भट्टीवर उतरलीस का मुकादम घेऊन जाईल." आणि उजवीकडे वळला.

किन्हवलीपर्यंत ती काचेवर हात मारत होती. नंतर आवाज थांबला. किशोरला वाटलं, झोपली.

भट्टीवर त्यानं फाळका उघडला. रंगू तशीच बसलेली. मांडीवर जाणू. अंग अजून गरम होतं. पण संपलेला.

सगळे बाजूला झाले. आता ही म्हातारी ह्याला काय काय शाप देते, म्हणून लोक श्वास रोखून उभे होते. तिनं किशोरकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि मिटलं. एक अक्षर नाही. बोटं मोडली नाहीत, मातीसुद्धा फेकली नाही. पोराला वाडीवर नेऊन पुरलं. ती तिथंच राहिली, भट्टीवर परत आली नाही. मुलगा-सून आले, कारण सीझन पुरा करायलाच लागतो. तेव्हापासून रंगू बोललेलीच नाही, असं वाडीवरचे सांगायचे.

आणि आमचा किशोर तेव्हा काय म्हणत होता माहीत आहे? नाक्यावर चहा पिताना म्हणाला, "म्हातारीनं तोंड उघडलं नाय. वाचलो." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा त्याच्या एक मुस्काटात द्यायला हवी होती कोणीतरी.

हे सगळं शकूवहिनीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "किशोर, बोललेला शब्द परत घेता येतो रे. बोललीच नाय, तर काय परत घेनार ती? ते तिच्या पोटातच जळतंय." मग कुंकवाची रिकामी डबी त्याच्या हातात दिली. "जा. पाय धर तिचं. आधी शाप माग. तुज्या डोक्यावर माग, पोरीच्या नको. तिनं दिला का मंग राख माग."

म्हणून तो निघाला होता, टॉर्च घेऊन. शाप मागायला. असा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

वाडीवर पोचला तेव्हा अकराचा सुमार. भट्टीच्या दिवसांत वाडी कशी असते, बघितलीय कोणी? एक माणूस नसतो. दारांना कुडाच्या ताट्या बांधलेल्या, चुली विझलेल्या. कुत्रीसुद्धा माणसांबरोबर गेलेली असतात. किशोरनं गाडी खाली रस्त्यावर लावली आणि चढून गेला. शेवटचं झोपडं रंगूचं. टॉर्च मारली.

ती दारात बसली होती. जागी. मांडीवर चादरीचं गाठोडं.

चादर त्यानं ओळखली.

आत चुलीकडे उजेड टाकला. राख होती, पण जुनी, दबून गेलेली. किती दिवसांत चूल पेटली नव्हती कोण जाणे.

"आये," तो म्हणाला. पहिल्यांदाच आये म्हणाला तिला. "मी किशोर. डायवर."

ती बघत राहिली.

"आये, चुकलो. माजी पोरगी जाते गो. तीन वर्साची हाय. तिचं काय चुकलं? मला दे काय द्यायचा तो शाप. माजे हात झडू दे, डोळे जाऊ दे. बोल. येक डाव बोल."

तिचे ओठ हलले नाहीत.

तो तिच्या पायांवर पडला. डोकं आपटून घेतलं. खिशातली डबी घरंगळत चुलीपाशी गेली. तो रडत होता, शिव्या मागत होता. "मेल्या तरी म्हन गो आये! मुडदा बशिव माजा! तुला येतंय ना? दर खड्ड्याला म्हनायचीस ना?"

काही नाही.

आणि मग आवाज आला. बारीक. घसा सुकलेला.

"आजे... गाडी आली का गो?"

किशोरनं डोकं वर केलं. रंगूचं तोंड मिटलेलं होतं.

आवाज चादरीतून आला होता.

पळाला का, विचारतोस अक्षय? तूही पळाला असतास, मीही पळालो असतो. तो पळाला नाही. मला म्हणाला, "काका, पाय उचलत होते. पन कल्यानला आरती एकटी बसलेली, ती डोळ्यासमोर आली. पळून कुठं जानार होतो?"

रंगू उठली. गाठोडं छातीशी धरलं. त्याच्याकडे न बघता उतारावरून खाली चालायला लागली. गाडीपाशी जाऊन उभी राहिली. हौद्याकडे नाही. पुढच्या दाराशी.

किशोरनं दार उघडलं. ती बसली. मांडीवर गाठोडं.

त्यानं गाडी मुरबाडच्या दिशेनं काढली.

टोकावडं गाव मागं पडलं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. केबिन तापायला लागली. भट्टी पेटली की जवळ उभं राहवत नाही ना, तशी धग बाजूच्या सीटवरून येत होती. काचांवर वाफ धरली. बाहेर गारठा. तो शर्टाच्या बाहीनं काच पुसत होता आणि चालवत होता.

"आजे, म्होरं बसलो ना गो मी?"

रंगू गप्प.

किशोर म्हणाला, "हां रे बाळा. म्होरंच बसलास."

मग बराच वेळ काही नाही... नुसता श्वास. भराभर चाललेला, तापातल्या पोराचा असतो तसा. किशोरला तो श्वास ओळखीचा वाटला. रोज रात्री तो हाच ऐकत होता, कल्याणला, पोरीच्या उशाशी.

सरळगावचा नाका आला.

इंडिकेटर लागला. उजवा. त्यानं हात लावला नव्हता.

टिक... टिक... टिक...

त्यानं दांडी खाली-वर केली. बंद होईना. स्टिअरिंग जड झालं. उजवीकडे ओढायला लागलं, स्वतःहून. किन्हवलीच्या रस्त्याकडे. शहापूरकडे. भट्टीकडे.

टिक... टिक...

"आजे..." आता आवाज थरथरत होता. "परत वळंल का गो?"

रंगूनं गाठोडं आवळून धरलं. तोंड उघडलं... मिटलं. तसंच. त्या दिवशीसारखंच.

किशोर ओरडला. "नाय वळनार! आयची आन! नाय वळनार रे!" दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. पाय दाबला. गाडी तिरपी झाली. टायर किंचाळले. हात सुटतील असं झालं. खांदे भरून आले. सोडले नाहीत.

नाका गेला.

सरळ.

टिकटिक थांबली.

मुरबाडचे दिवे दिसायला लागले. श्वास मंद होत होता. तो सारखा बोलत राहिला, "आलं रे, आलं. ते बघ दिवे. झोपू नको. आलं." दवाखान्याच्या फाटकात गाडी घातली, खाली उडी मारली, रंगूच्या मांडीवरून गाठोडं स्वतः उचललं. वजन होतं, पोरांनो. मला त्यानं हात करून दाखवलं, किती ते. पोराचं वजन होतं. मान त्याच्या दंडावर टेकली होती.

तो पायऱ्या चढला. "डॉक्टर! पोरगा हाय, ताप हाय, बघा!"

आतून एक नर्स धावत आली. ट्यूबच्या उजेडात त्यानं चादर तिच्यापुढे धरली. नर्सनं चादर उघडली. चादरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"कुठाय पोरगा?"

चादर रिकामी होती. गार.

तो तिथेच उभा. हात तसेच पुढे. आणि खिशात फोन वाजला. आरतीचा. त्याला उचलवेना. नको तीच बातमी, ह्याच्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं. नर्सनंच फोन काढून त्याच्या कानाला लावला.

आरती रडत होती. "ऐकताव का... घाम आला तिला. सगळं कपडं भिजलं. ताप उतरला हो. पानी मागते."

तो पायरीवर बसला. मागून पावलं आली. रंगू. त्याच्या हातातून तिनं चादर काढून घेतली, झटकली, नीट घडी घातली. मग त्याच्या डोक्यात एक टप्पल मारली. आणि बोलली. इतक्या महिन्यांनी. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

"मेल्या... मुडदा बशिवला तुजा. आता सरळ घेतलीस गाडी?"

आणि मग तिनं हंबरडा फोडला. त्या दिवशी भट्टीवर फोडायचा राहिला होता तो. किशोर तिचे पाय धरून रडला. दवाखान्यातली माणसं जागी होऊन बाहेर आली, त्यांना वाटलं ह्यांचं कोणीतरी आत्ता गेलं. तसंच होतं म्हणा.

पहाटे त्यानं तिला भट्टीवर, मुलाकडे नेऊन सोडलं. राख मागायची त्याला आठवणही झाली नाही, डबी तिकडे चुलीपाशीच राहिली. मी त्याला नंतर विचारलं, "अरे, पण शाप दिलाच की तिनं. मुडदा बशिवला म्हणाली." तर हसून म्हणाला, "बशिवला तर बशिवला, काका. मागून घेतलाय." आता खेपेला कोणी साधं शिंकलं तरी त्याला पुढे बसवतो. मुकादम हौद्यात.

सकाळी त्यानं गाडी माझ्या अंगणात आणून लावली आणि मला ही सगळी हकीकत सांगितली. मी ऐकून घेतलं. माणूस रात्रभर जागा, पोरगी मरणाच्या दारात, डोळ्यांना काहीही दिसेल, असं मी मनात म्हटलं. मग तो कल्याणला गेला आणि मी गाडीची काच उघडी राहिलीय म्हणून बंद करायला दार उघडलं.

बाजूच्या सीटवर चिखलाची गाडी होती. वीतभर. पिकअप. मागे फाळका, पुढे केबिन, आणि चाकांवर बारक्या अंगठ्याचे ठसे. चिखल ओला होता.

तुम्ही म्हणाल, भट्टीवर गेला होता, तिथल्या कोणा पोरानं ठेवली असेल. मीही तेच म्हटलं. परत आल्यावर किशोरनं ती उचलून डॅशबोर्डवर ठेवली, काचेपाशी, उन्हात. अजून तिथंच आहे. दोन उन्हाळे झाले. गेल्या वैशाखात आपल्या विहिरी आटल्या, टँकर आले, आठवतं ना? त्या दुपारी गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी दार उघडलं आणि त्या चिखलाला बोट लावून बघितलं.

बोटाला ओली माती लागली.